चादर सुटली नाही

सोमवार, ८ जुलै

आकड्यांची वही वेगळी, ती कालव्याच्या पंचायतीची. तिच्यात रोज सकाळी आठला बर्फाची उंची, वारा आणि गारठा लिहायचा. ऑक्टोबरात ती खाली द्राक्षवाल्यांकडे जाते आणि उन्हाळ्यात पाणी किती येणार याचा हिशोब ते तिच्यावरून बांधतात. ही दुसरी वही माझी. हिच्यात वाट्टेल ते लिहितो, कारण इथे बोलायला कुणी नाही. आर्जेंटिनाच्या सीमेवरच्या या डोंगरात जून-जुलै म्हणजे ऐन हिवाळा; या झोपडीतला हा माझा तेविसावा.

आज एकशे अठरा सेंटिमीटर. जून अख्खा कोरडा आणि कडाक्याचा गेला. त्यामुळे खालचा जुना बर्फ साखरेसारखा रवाळ झालाय, मुठीत दाबला तरी त्याचा गोळा होत नाही. याच्यावर आता जड बर्फ येऊन बसला तर कठीण आहे, वरचा अख्खा थर सुटून उतरणीवरून खाली येतो.

आठला वायरलेस लावला. खाली लास कोलमेनास गावात नेलिदा आपल्या दुकानात तो घेते. तिच्या थोरल्याचा मी धर्मपिता, म्हणून ती माझी कोमाद्रे आणि मी तिचा कोंपाद्रे. मी सांगेन तो बावटा ती दुकानाबाहेर लावते. हिरवा म्हणजे चादर ओलांडायला हरकत नाही, लाल म्हणजे घरी बसा. गाव आणि झोपडी यांच्यामध्ये जी उघडी उतरण आहे तिला सगळे चादर म्हणतात. वाट तिच्या ऐन पोटातून जाते आणि दुसरी वाट नाही. आज हिरवा सांगितला. नेलिदा म्हणाली, हिरवा लावून उपयोग काय कोंपाद्रे, तुमच्याकडे येतंय कोण. बाई खरं बोलते, पण सकाळी आठला कशाला.

रविवार, १४ जुलै

तीन दिवस नुसता मारा. दार उघडायला आतून फावडं मारावं लागलं. एकशे शहाऐंशी. वर वारा पश्चिमेचा, म्हणजे पलीकडचा सगळा बर्फ उचलून चादरीवर आणून टाकला. लाल.

भाजलेल्या पिठात गरम पाणी घालून खाल्लं, दोन्ही वेळा. स्वतःशी मोठ्याने बोलत होतो हे चुलीवरची किटली शिट्टी मारायची थांबली तेव्हा कळलं.

मंगळवार, १६ जुलै

मारिसेल येतेय.

नेलिदाने आधी आकडा घेतला, वारा घेतला, दुकानातली साखर संपल्याचं सांगितलं आणि मग म्हणाली, तुमच्या पोरीचा फोन आला होता. पुन्ता आरेनासहून निघून बुधवारी चोवीसला गावात पोचेल. रविवारच्या बसने परत. नवऱ्याला नॉर्वेत मासळीच्या कारखान्यात काम लागलंय, सप्टेंबरात दोघं जाणार, परत कधी ते त्यांनाच ठाऊक नाही. जायच्या आधी दोन दिवस वर झोपडीत येऊन राहीन म्हणते, शुक्रवार-शनिवार.

मी म्हटलं, बरं. एवढंच म्हटलं. 

सहा वर्षं झाली. माझी बायको लुदोविना ऑगस्टात गेली, खाली गावात. मी इथे होतो. मातीला गेलो नाही. लाल आहे असं सांगितलं आणि इथेच बसून राहिलो. दोन दिवस सगळं गाव कबरस्तानातून चादरीकडे बघत होतं आणि तिच्यावरचा एक गोळाही हलला नाही. तिसऱ्या दिवशी मारिसेल वायरलेसवर आली. बापाला ती लहानपणापासून ताइता म्हणते. म्हणाली, "चादर सुटली नाही, ताइता." त्यानंतर तिचा आवाज मी ऐकलेला नाही.

गुरुवार, १८ जुलै

झोपडी धुऊन काढली. दुसरी खाट मांडली. तिच्यावर दोऱ्या आणि खिळ्यांचे डबे होते, ते हलवायला अर्धा दिवस गेला.

दुपारी खड्डा खणला, झोपडीमागच्या मोठ्या खडकापाशी. पद्धत नेहमीचीच: खड्ड्याच्या भिंतीतून फावड्याएवढा खांब कापून मोकळा करायचा, वर फावडं पालथं ठेवायचं आणि त्याच्यावर चापट मारत जायचं. दहा मनगटाने, दहा कोपरापासून, दहा खांद्यापासून. ज्या चापटीला खांब तुटतो तेवढ्या काडेपेटीतल्या जळक्या काड्या तुटलेल्या थरात खोचायच्या. ही काड्यांची सवय माझीच, बाकी कुणी करत नाही. मारिसेल लहान होती तेव्हा माझ्यासाठी गावभर जळक्या काड्या गोळा करत फिरायची आणि आईचा मार खायची.

आज चोविसाव्या चापटीला तुटला. वाईट नाही; जितक्या उशिरा तुटेल तितका बर्फ पक्का.

शनिवार, २० जुलै

पुन्हा खडकापाशी खणलं, ऊन होतं, हात गारठत नाहीत तिथे. सव्वीस. बसत चाललाय बर्फ.

आणि सकाळी चादरीवर कोल्ह्याचा माग दिसला, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ. आमचे खेचरवाले पिढ्यान्‌पिढ्या कोल्ह्याचा माग बघूनच वाट धरत आले. माझे आजोबा तर कोल्हा गेल्यावर तिसऱ्या सकाळी डोळे मिटून खेचरं घालायचे. माझा धाकटा भाऊ बाल्दोमेरोही माग बघूनच निघाला होता, पण तो दुसऱ्याच सकाळी निघाला. त्याला नि त्याच्या तीन खेचरांना चादरीने घेतलं तिथे, पलीकडच्या काठाला, त्याची आनिमिता आहे: हातभर उंचीचं दगडी देऊळ, आत मेणबत्त्या आणि काडेपेटी. येणारा-जाणारा एक मेणबत्ती लावतो.

आजचा माग धरला तर सोमवारी तिसरी सकाळ. शुक्रवारपर्यंत तर काहीच प्रश्न नाही.

सोमवार, २२ जुलै

पाणी आणायला गेलो तेव्हा पायाखाली 'धप्प' असा आवाज आला, ढोलावर गादी पडावी तसा, आणि बर्फ बोटभर खाली बसला. ती जागा झुडपांची आहे, खाली पोकळी असतेच. त्याचं काही विशेष नाही.

खडकापाशी अठ्ठावीस. आज दोनदा मोजलं. नेलिदाने विचारलं, मग बावटा बदलू का. म्हटलं, अजून नको, शुक्रवारी सकाळी बदलू. ती हसली. म्हणाली, कोंपाद्रे, दाढी करा, बावट्याचं मी बघते.

बुधवार, २४ जुलै

मारिसेल गावात आली. नेलिदाच्याच घरी उतरलीय. वायरलेसवर आली नाही. नेलिदाने तिच्या वतीने विचारलं की शुक्रवारचं काय. मी म्हटलं, बहुतेक हिरवा. मागे कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. तीच असणार.

दाढी केली. तीन ठिकाणी कापलं.

गुरुवार, २५ जुलै

सकाळी भोपळा शिजवून सोपाइपिया तळून बघितल्या, उद्या बिघडायला नकोत म्हणून. पहिल्या चार जळल्या, पुढच्या जमल्या. लुदोविना बर्फ पडला की करायची. एवढ्या तळल्या आणि खाणारा मी एकटा, त्यामुळे पोट फुगलं.

दुपारी वाटलं, मारिसेल आली की बोलायचं काय. ती लहानपणी इथे यायची तेव्हाचं काही सापडेल म्हणून जुन्या वह्या काढल्या. सापडलं. ती दहा वर्षांची असताना तिला चादर ओलांडायला शिकवलं होतं. एकाने चालायचं, दुसऱ्याने काठावर उभं राहून बघायचं, नजर हलवायची नाही. पाठीवरच्या ओझ्याचे पट्टे सैल ठेवायचे, कान उघडे ठेवायचे. तिने विचारलं होतं, नुसतं बघून काय होतं? मी लिहिलंय की मी तिला सांगितलं, गाडली गेलीस तर कुठे खणायचं ते बघणाऱ्यालाच माहीत असतं. दहा वर्षांच्या पोरीला असं सांगितलं मी. लुदोविना दोन दिवस बोलली नव्हती.

पानं उलटत राहिलो आणि मग एक गोष्ट दिसायला लागली. नको असताना दिसली. दरसालच्या वहीत खड्ड्यापुढे एकच जागा लिहिलेली आहे: 'मोडक्या खांबापाशी, सावलीत.' बावीस हिवाळे तीच जागा. ती चादरीसारखीच, त्याच तोंडाची, वाऱ्याचा बर्फ तिथेही तसाच साचतो. आणि या आठवड्यात खडकापाशी, खडकापाशी, खडकापाशी. तिथे ऊन लागतं आणि वारा बर्फ उडवून नेतो. तिथे तर भर उन्हाळ्यात, जानेवारीतही तीस चापट्या येतील.

मी हे मुद्दाम केलं नाही. शपथेवर सांगतो, मुद्दाम केलं नाही. पाय तिकडे वळले.

आणि लिहायचंच आहे तर सगळं लिहितो. लुदोविना गेली त्या ऑगस्टात मी कुठेच खणलं नव्हतं. दारात उभा राहिलो, चादरीकडे बघितलं आणि लाल सांगितला. लाल होताही कदाचित. मला माहीत नाही. तिला पेटीत निजलेली बघायची नव्हती, एवढंच मला माहीत आहे.

शुक्रवार, २६ जुलै

उजाडता उजाडता मोडक्या खांबापाशी गेलो. बर्फाचा खांब कापला, फावडं ठेवलं. एक. दोन. तिसऱ्या चापटीला अख्खा ठोकळा ड्रॉवर उघडावा तसा पुढे सरकला आणि माझ्या गुडघ्यांवर येऊन पडला. खाली ती जूनची साखर, जशीच्या तशी. तीन काड्या खोचल्या. मग बर्फातच बसून राहिलो थोडा वेळ.

कोल्ह्याचं वजन पिठाच्या पिशवीएवढं. एवढी अक्कल मला होती की.

आठला वायरलेस लावला आणि म्हटलं, लाल.  मग मारिसेल आली. सहा वर्षांनी आवाज ऐकला, बराचसा तिच्या आईसारखा झालाय.

"काल बहुतेक हिरवा होता," ती म्हणाली.

"आज लाल आहे."

"रात्रीत बर्फ पडला?"

"नाही."

"वारा?"

"नाही."

"मग काय बदललं, ताइता?"

 मी आठवडाभर चुकीच्या जागी खणत होतो कारण तू यायला हवी होतीस, हे वायरलेसवर सांगवेना. सगळं खोरं ऐकतं. मी म्हटलं, "खणून बघितलं. लाल आहे."

"तेव्हाही लालच होता," ती म्हणाली आणि यंत्र नेलिदाच्या हातात दिलं.

शनिवार, २७ जुलै

आकाश धुतल्यासारखं निळं. आज चादरीकडे बघायचंच नाही असं ठरवलं. खिडकीवर घोंगडी टांगली. दिवसभर दोऱ्यांच्या गाठी सोडवत बसलो, पुन्हा बांधल्या, पुन्हा सोडवल्या. ती सुटावी असं मनात येत होतं. मोठ्याने, धुरळा उडवत, गावातल्या प्रत्येकाला दिसेल अशी सुटावी. असं मागणं मागायला लाज वाटते, पण मागत होतो.

आठला नेलिदा फक्त आकड्यापुरतं बोलली. मारिसेल कशी आहे विचारलं तर म्हणाली, झोपलीय. आवाज चोरटा वाटला. पोरगी माझ्यावर चिडली असणार आणि हिला ते सांगता येत नसणार.

रविवार, २८ जुलै

बस अकराला सुटते. अकराला दारात उभा होतो. इथून बस दिसत नाही, ऐकूही येत नाही.

चादर सुटली नाही.

शुक्रवार, २ ऑगस्ट

अजून नाही. दुसरी खाट आवरायला हवी. आवरत नाही.

बाल्दोमेरोच्या वेळी सगळे म्हणाले, थांबला असता तर वाचला असता. थांबणाऱ्याला मात्र कुणी म्हणत नाही की तू थांबलास म्हणून अमुक वाचलं. सुटली तरच सगळ्यांना पटतं. मी बरोबर होतो की भित्रा होतो हे कशावरून ठरवायचं? यंदा निदान तीन काड्या तरी आहेत. पण त्या मीच खोचल्या आणि मीच बघितल्या.

सोमवार, ५ ऑगस्ट

दोन दिवस आर्जेंटिनाकडून गरम वारा, छपरावरून धारा. आज पुन्हा कडक गोठलं. एकशे बेचाळीस. मोडक्या खांबापाशी खणलं: पंचवीस, आणि तोही वाकडातिकडा तुटला, सरकला नाही. अजून दोन सकाळी बघतो.

गुरुवार, ८ ऑगस्ट. नेलिदाच्या माडीवरून

काल आणि परवा तीसच्या तीस, खांब हलला नाही. बर्फ वरून खालपर्यंत लाकडासारखा झाला होता. साखर संपलीय, चहा संपलाय, आणि खरं म्हणजे मला माणसाचं तोंड बघायचं होतं. सहाला आकडा घेतला आणि गोठलेलं असतानाच निघालो.

चादरीच्या काठावर पट्टे सैल केले, टोपी कानांवरून वर केली. बघायला कुणी नव्हतं. पलीकडे आनिमितेचा ठिपका दिसत होता, म्हटलं, बाल्दोमेरो, आता तूच बघ. चालताना मागे वळलो नाही. वीस मिनिटं लागली आणि चादर मांजरासारखी गुमान पडून राहिली.

आनिमितेत मेणबत्ती लावायला वाकलो. काडेपेटी जवळजवळ रिकामी होती. आणि मग दहा पावलांवर, खडकाच्या आडोशाला, सावलीत, एक खड्डा दिसला.

कडा वाऱ्याने आणि गरम दिवसांनी गोलसर झाल्या होत्या, पण खणणाऱ्याने चौकोनी खणला होता, भिंत ओळंब्यात. खांब डाव्या कोपऱ्यातून कापलेला. मी डावरा, म्हणून डावीकडून कापतो, आणि माझ्याकडून शिकलेलं माणूसच उजव्या हाताचं असून डावीकडून कापेल. ठोकळा पुढे सरकून पडलेला, तसाच गोठून राहिलेला. आणि मागच्या भिंतीत, साखरेच्या थरात, शेजारी शेजारी खोचलेल्या दोन जळक्या काड्या.

दोन.

मी तिथे किती वेळ उभा होतो माहीत नाही. रडलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

दुकानात शिरलो तेव्हा नेलिदा मसूर निवडत होती. माझ्या तोंडाकडे बघून तिने ताट बाजूला ठेवलं. म्हणाली, पोरीने सांगू नका म्हणून सांगितलं होतं. शनिवारी उजाडायच्या आत स्की आणि माझं फावडं घेऊन निघाली. म्हणाली, बावटा गेला खड्ड्यात, मी जाणार. मी अडवलं तर मलाच सरकवलं. तुम्ही आठला विचारलंत तेव्हा ती वाटेत होती कोंपाद्रे. अकराला परत आली. दोन वाडगे कासुएलाचा गरम रस्सा खाल्ला आणि खोलीत गेली.

मी म्हटलं, फोन लाव.

पुन्ता आरेनासला मारिसेलनेच उचलला. मी काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, त्यातलं काही आठवलं नाही.

"दोन काड्या," मी म्हटलं.

 ती म्हणाली, "तुमच्या किती?"

"तीन."

"चादरीवर एक पाऊल टाकलं होतं मी, ताइता. तुम्हाला खोटं पाडायला. मग म्हटलं, आधी खणून बघू. बसमध्ये बसल्यावर फोन करायचा होता. जमलं नाही."

 तिच्या खिडकीवर तिकडचा वारा आपटत होता, तो ऐकत उभा राहिलो.

"आईच्या वेळी किती होत्या?" तिने विचारलं.

तिला दोन म्हटलं असतं, तीन म्हटलं असतं, तरी आज तिने मानलं असतं. सहा वर्षांत पहिल्यांदाच ती माझा शब्द मानायला तयार होती आणि ताडून बघायला जगात कुणी नाही. नेलिदा मसुराच्या ताटाकडे बघत होती, पण हात थांबले होते.

"एकही नाही," मी म्हटलं. "मी खणलंच नव्हतं. दारातून बघितलं आणि लाल सांगितला. तिला पेटीत बघायचा धीर झाला नाही मला."

 आता फोन ठेवेल, असं मी धरून चाललो होतो. ठेवला नाही. श्वास ऐकू येत होता, एकदा नाक ओढल्याचं ऐकू आलं. नेलिदा उठून मागच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

मग मारिसेल म्हणाली, "आज बर्फ किती आहे?"

"एकशे एकोणचाळीस," मी म्हटलं. "पण सहाला मोजलाय, आठला नाही."

"चालेल," ती म्हणाली.